आवाजाचं बटण कुठे असावं?

मॉनिटरच्या पाठीत बसवलेले ते दोन-दोन वॅटचे स्पीकर म्हणजे काही जगातली मोठी गोष्ट नव्हे. त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, हेही खरं. तरीही त्यांचा आवाज कमी-जास्त कसा करायचा आणि कुणी करायचा, या विषयावर आपल्या मंडळाच्या अंकात लिहायला जागा मागितली, तेव्हा संपादकांनी विचारलं, "हे साहित्यात कसं बसतं?" साहित्यात बसत नसेलही. पण आपलं मंडळ आता वाचण्याइतकंच ऐकवण्याचं काम करतं. अभिवाचनं रेकॉर्ड होतात, कथा ऐकवल्या जातात, गेल्या पावसाळ्यात तर फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्या आपण माइकसमोर बसून वाचल्या. १६१६ साली राचोलला छापलेला तो ग्रंथ मुळात चर्चमध्ये जमलेल्या लोकांनी कानांनी घ्यावा म्हणूनच रचलेला. ऐकवायचं म्हटलं की आवाज किती, हा प्रश्न येतोच. आणि तो किती ठेवायचा ते ठरवणारा हात कुणाचा, हाही.

आधी अडचण काय ती सांगते, कारण ज्यांनी फक्त लॅपटॉप वापरलाय त्यांना ती माहीत नसते. मॅकला वेगळा मॉनिटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलने जोडा आणि आवाज त्या मॉनिटरमधून येऊ द्या. आता कीबोर्डवरचं आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर स्पीकरचं चित्र उमटतं आणि सोबत नकाराची खूण. आवाजाची पट्टी करडी पडलेली असते, ओढली तरी सरकत नाही. आवाज कमी करायचा तर उठायचं, मॉनिटरच्या मागे किंवा खाली हात घालायचा, तिथलं बटण चाचपायचं, पडद्यावर त्याचा मेनू उघडायचा, त्यात 'ऑडिओ' शोधायचं, त्यात 'व्हॉल्यूम'. एवढं होईस्तोवर आपण ऐकत होतो ते गाणं संपलेलं असतं.

विंडोजवाले इथे हसतील, कारण त्यांची पट्टी सरकते. सरकते खरी, पण ती काय करते ते बघायला हवं. विंडोज केबलमध्ये पाठवायच्या आधीच आवाजाचे आकडे लहान करतं. मॉनिटरचा स्वतःचा व्हॉल्यूम मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे घरातला नळ तुमच्या हातात, पण गच्चीवरच्या टाकीचा कॉक कुणी बंद केला असेल तर नळ कितीही सोडा, पाणी येणार नाही. लॅबमध्ये आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी मॉनिटरचा व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ठेवला, की पुढचा विद्यार्थी अर्धा तास ड्रायव्हर पुन्हा-पुन्हा टाकत बसतो. टाकीवर चढायचं त्याला सुचतच नाही. कारण टाकी आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग अ‍ॅपलने असं का केलं? मला वाटतं यामागे निव्वळ आडमुठेपणा नाही, एक तत्त्व आहे, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. डिजिटल केबलमधून आवाज जातो तो आकड्यांच्या रूपात. ते आकडे पूर्ण ताकदीने पाठवावेत आणि शेवटच्या यंत्राने, म्हणजे स्पीकर किंवा अ‍ॅम्प्लिफायरने, किती वाजवायचं ते ठरवावं, असा हा जुना विचार. आकडे आधीच कापले तर बारकावे जातात. १६ बिटांचा आवाज निम्मा केला की एक बिट गेलाच. मोठ्या हॉलमध्ये, चांगल्या यंत्रणेवर ऐकणाऱ्याला हे पटेल. आजकाल कॉम्प्युटर आतल्या आत याहून जास्त बिटांमध्ये हिशेब करतो, त्यामुळे हे नुकसान कानाला कळेल इतकं उरत नाही, आणि मॉनिटरच्या त्या दोन वॅटवर तर नाहीच नाही. पण तत्त्व म्हणून ते चुकीचं नाही.

उलट ते मला ओळखीचं वाटतं. रविवारच्या मराठी मिस्साला मी अधूनमधून पहिलं वाचन करते. तिथे पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही, की माइकला हात लावायचा नाही आणि स्वतःचा आवाज स्वतः ठरवायचा नाही. मिक्सर मागे, शेवटच्या बाकांजवळ असतो. तो सांभाळणारे काका लोकांमध्ये बसून ऐकतात आणि तिथून बोटाने सरकवतात. वेदीजवळ उभं राहून तुम्हाला कधीच कळत नाही की शेवटच्या बाकावरच्या आजींना काय ऐकू येतंय. म्हणजे आवाज ठरवायचा तो ऐकणाऱ्याच्या जागेवरून, पाठवणाऱ्याच्या नव्हे. अ‍ॅपलचं म्हणणं हेच. फक्त आमच्या चर्चमध्ये काकांचा हात मिक्सरवर पोचतो. मॉनिटरसमोर बसलेल्याचा हात कीबोर्डवर असतो, आणि कीबोर्डची तार मॉनिटरच्या स्पीकरपर्यंत पोचू दिलेली नसते. तत्त्व बरोबर, पण ते ज्याच्यासाठी म्हणून सांगितलं जातं त्याच्याच हातून बटण काढून घेतलंय.

आणि तार पोचत नाही म्हणावं तर ती पोचलेली आहे! मला सगळ्यात राग येतो तो याचा. एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. त्यातली १५वी आणि १६वी चित्रासाठीही नाही आणि आवाजासाठीही नाही, ती कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहे. मॉनिटर जोडल्याबरोबर कॉम्प्युटरला त्याचं नाव कळतं, त्याला किती पिक्सेल झेपतात ते कळतं, ते याच दोन पिनांवरून. फिलिप्सने १९८२ साली काढलेली ही बोलण्याची पद्धत आहे, आयस्क्वेअरसी नावाची, अगदी साधी, दोन तारांची. डिस्प्लेपोर्टमध्ये पिना वेगळ्या असतात, पण बोलणं तेच. १९९८ साली व्हेसा या संस्थेने, म्हणजे मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून काढलेल्या संस्थेने, याच तारेवरून मॉनिटरला हुकूम देण्याचं मानक ठरवलं. त्याचं नाव डीडीसी/सीआय. सोबत हुकुमांची एक यादीही ठरली. प्रत्येक हुकमाला क्रमांक. १० म्हणजे उजेड, १२ म्हणजे कॉन्ट्रास्ट, ६२ म्हणजे स्पीकरचा व्हॉल्यूम, ८डी म्हणजे आवाज बंद. (हे क्रमांक षोडशमान पद्धतीतले, म्हणून त्यात मध्येच 'डी' येतो.) कॉम्प्युटरने तारेवरून नुसतं "६२, चाळीस" म्हणायचं, की मॉनिटर आपला व्हॉल्यूम चाळीसवर आणतो. मेनू उघडायला नको, उठायला नको. आणि आकडे कापले जात नाहीत, कारण टाकीचा कॉकच फिरतो. तत्त्वही राहिलं, सोयही झाली.

तेव्हा हे मानक आहे, बहुतेक मॉनिटर ते पाळतात, केबलमध्ये तार आहे, कीबोर्डवर बटण आहे. फक्त बटण आणि तार यांच्यामध्ये दोन ओळींचं नातं जोडायचं राहिलंय, आणि ते मॅकने जोडलेलं नाही. बरं, अ‍ॅपलच्या स्वतःच्या स्टुडिओ डिस्प्लेवर मात्र हीच बटणं छान चालतात, कारण तो यूएसबीवरून बोलतो. घरच्यांसाठी दार उघडं, पाहुण्यांनी खिडकीतून या.

या खिडकीतून येण्याचीच ही गोष्ट आहे.

मॅकवर मॉनिटरकंट्रोल नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. त्याचा सोर्सकोड खुला आहे, एमआयटी परवान्याखाली, कुणीही वाचावा, बदलावा. ते काय करतं? तुम्ही आवाजाचं बटण दाबलं, की ते मध्येच पकडतं आणि तारेवरून मॉनिटरला ६२ नंबरचा हुकूम धाडतं. एवढंच. बेटरडिस्प्ले आणि लूनर हेही त्याच जातीचे, जास्त सोयी असलेले, काही सोयींना पैसे घेणारे. मॉनिटरला हा हुकूम कळतच नसेल तर दुसरी वाट आहे. बॅकग्राउंड म्युझिक हे फुकट अ‍ॅप किंवा साउंडसोर्स हे विकतचं अ‍ॅप कॉम्प्युटरच्या आतच एक खोटा स्पीकर उभा करतं, सगळा आवाज त्यात घेतं, कमी करतं आणि मग खऱ्याकडे सोडतं. म्हणजे विंडोज करतं तेच, घरातल्या नळावर. लिनक्सवर डीडीसीयूटिल आहे, त्यात एक ओळ टाइप केली की काम झालं. विंडोजवर टाकीपर्यंत पोचायचं असेल तर निरसॉफ्टचं कंट्रोलमायमॉनिटर आहे, तेही फुकट. शून्यावर अडकलेल्या लॅबच्या मॉनिटरवर औषध हेच.

यांना 'थर्ड-पार्टी अ‍ॅप' म्हणतात. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे, तिऱ्हाईत. घरातलाही नाही, दारातलाही नाही, तिसराच कुणीतरी. आणि तिऱ्हाईत म्हटलं की आपल्या मनात संशय येतो. लॅबमधल्या सरांच्याही येतो. "थर्ड-पार्टी काही टाकायचं नाही" हे वाक्य मी पहिल्या वर्षापासून ऐकत आलेय. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, त्यांना शंभर पोरांचे पेनड्राइव्ह सांभाळायचे असतात. पण लूकच्या शुभवर्तमानातली रस्त्यावर पडलेल्या माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, ख्रिस्ती असो-नसो, या कॉलेजात तीन वर्षं काढली की ती ऐकावीच लागते. याजक गेला, लेवी गेला. थांबला तो तिसरा, परका. शोमरोनी हा त्या गोष्टीतला अक्षरशः तिऱ्हाईत आहे. मी काही कॉम्प्युटर प्रोग्रामला संत ठरवत नाहीये (त्यासाठी फार लांब प्रक्रिया असते). एवढंच म्हणते, की कुणी परका आहे हे त्याला नाकारायला पुरेसं कारण नाही. तो काय करतोय ते बघावं.

आता ज्या कारणासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते.

आपल्या मंडळातला एक जण आपली सगळी रेकॉर्डिंग कापतो-जोडतो. तुम्ही ऐकता त्या अभिवाचनांमध्ये श्वासाचे फटकारे, खुर्चीची कुरकुर, पान उलटल्याचा आवाज नसतो, तो त्याच्यामुळे. तो जन्मापासून पाहू शकत नाही. कॉम्प्युटर तो स्क्रीन रीडरवर चालवतो, म्हणजे पडद्यावर जे आहे ते एक यांत्रिक आवाज त्याला वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला त्यातला एक शब्द कळत नाही. कीबोर्डवरून तो जे करतो ते माउस धरून मला दुप्पट वेळात जमत नाही. मंडळाच्या खोलीतला छोटा डेस्कटॉप टेबलाच्या मागे भिंतीला लावून बसवलाय, म्हणून हेडफोन मॉनिटरच्याच भोकात लावावा लागतो. आणि बहुतेक मॉनिटरमध्ये स्पीकरचा आणि त्या भोकाचा व्हॉल्यूम एकच असतो, मॉनिटरच्या मेनूतला.

तो मेनू बोलत नाही. स्क्रीन रीडर कॉम्प्युटरच्या आत काय चाललंय ते वाचतो. मॉनिटरचा मेनू कॉम्प्युटरच्या आत नसतोच, तो मॉनिटर स्वतः चित्रावर रंगवतो, कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे जगातला कुठलाही स्क्रीन रीडर, कितीही महाग असो, तो मेनू वाचू शकत नाही. (आणि वाचला असता तरी कुठल्या भाषेत? जर्मन, फ्रेंच, चिनी, जपानी सापडतात. मी आजवर पाहिलेल्या एकाही मॉनिटरच्या मेनूत मराठी नव्हती, कन्नडही नव्हती. पाट्यांच्या भाषेवरून इतकी वर्षं भांडणाऱ्या आपल्या बेळगावात ही एक पाटी दोन्ही बाजूंच्या नजरेतून सुटली.)

त्याने तो मेनू पाठ केला होता. बटण एकदा आत, दोनदा खाली, एकदा उजवीकडे, मग वर-खाली. महिनाभर चाललं. मग कुणीतरी प्रोजेक्टरसाठी केबल बदलली, मॉनिटरचं इनपुट बदललं आणि मेनूतल्या ओळी एका घराने सरकल्या. त्याचे 'दोनदा खाली' भलत्याच ठिकाणी जाऊन पडले. त्याच आठवड्यात आधीच्या कार्यक्रमासाठी कुणी व्हॉल्यूम शंभरावर नेला होता. त्याने हेडफोन घातला, स्क्रीन रीडर पहिला शब्द बोलला आणि त्याने हेडफोन काढून टेबलावर आपटला. ज्याचं सगळं काम कानांवर चालतं त्याच्या कानात तुम्ही शंभरावरचा आवाज सोडता, ही गैरसोय नव्हे. नंतर मला म्हणाला, "तुमच्या मॉनिटरला बोलता येत नाही, मला बघता येत नाही. आमचं जमायचं कसं?" हसत म्हणाला. पण त्यानंतर पंधरा दिवस तो रेकॉर्डिंग घरी नेऊन कापत होता आणि खोलीत येत नव्हता.

इलाज दहा मिनिटांचा निघाला. वर सांगितलेल्या अ‍ॅपपैकी एक टाकलं, मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय बंद होतं ते चालू केलं, बस्स. आता आवाजाचं बटण दाबलं की मॉनिटर ऐकतो. ते बटण कीबोर्डवर कुठे आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. काम सुरू करायच्या आधी हेडफोन गळ्यात ठेवून आठ-दहा वेळा 'कमी'चं बटण दाबायचं, मग कानाला लावायचा, अशी त्याने स्वतःची पद्धत बसवलीय. कुणाला हाक मारावी लागत नाही.

'कुणाला हाक मारावी लागत नाही' हा माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. आपण मदतीला तत्पर लोक आहोत. कुणीही धावत जाऊन त्याला व्हॉल्यूम कमी करून दिला असता, आणि देतही होतो. पण दर वेळी आवाज कमी करायला दुसऱ्याला बोलवायला लागणं म्हणजे काय, याचा आपण कुणी विचार केला नव्हता. मदत करणाऱ्याला ती फार लहान गोष्ट वाटते. मागणाऱ्याला दिवसातून वीस वेळा मागावी लागते.

आणि या तिऱ्हाईत मंडळींकडे संशयाने बघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. आपल्या लॅबमधल्या विंडोजवर जो स्क्रीन रीडर आहे, एनव्हीडीए, तोसुद्धा थर्ड-पार्टीच. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी २००६ साली तो लिहायला घेतला, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. बाजारातले स्क्रीन रीडर महाग, म्हणून स्वतः लिहिला आणि फुकट वाटला. कंपनीच्या मोठ्या खोलीत बसून यादीच्या तळाशी ढकललेली गोष्ट, ज्याला तिची गरज असते तो बाहेर बसून लिहितो. मॉनिटरच्या आवाजाचंही तसंच झालंय. २०२० च्या अखेरीस एम-१ चिपचे मॅक आले आणि मॉनिटरशी बोलायची जुनी वाट बंद पडली. अ‍ॅपलने नवी वाट कुठे लिहून ठेवली नव्हती. पुढच्या वर्षी काही स्वतंत्र डेव्हलपरांनी सिस्टिमच्या आत शोधाशोध करून न जाहीर केलेली फंक्शनं हुडकली आणि पुन्हा तार जोडली. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, आपलं आपण. त्यांच्यातल्या कुणाला तुम्ही-आम्ही एक कप चहा पाजलेला नाही.

म्हणजे डोळे झाकून काहीही टाका असं मी म्हणतेय का? नाही. आवाजाचं बटण मध्येच पकडायचं तर अ‍ॅपला कीबोर्डवर कान ठेवायची परवानगी द्यावी लागते, आणि बटण ऐकू शकणारं अ‍ॅप मनात आणलं तर बरंच काही ऐकू शकतं. मॅकमध्ये त्या परवानगीचं नाव आहे अ‍ॅक्सेसिबिलिटी. अपंगांसाठी उघडलेलं दार, म्हणून त्यातून सगळेच येतात, चोरही यायचा प्रयत्न करतील. त्यामुळे अ‍ॅप त्याच्या मूळ पानावरूनच घ्यावं, कुठल्यातरी 'फ्री डाउनलोड'च्या जत्रेतून नव्हे, आणि जमेल तिथे खुल्या सोर्सकोडचं घ्यावं. तो कोड मी वाचलेला नाही, वाचला तरी मला कळणार नाही. पण वाचू शकणारे हजारो लोक आहेत आणि त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही, याला किंमत आहे. बंद डब्यातल्या औषधापेक्षा परडीतली भाजी बरी, निवडून तरी घेता येते.

हे सगळीकडे चालतं असंही नाही. टीव्ही बहुधा ऐकत नाहीत. एम-१च्या मॅक मिनीवरच्या एचडीएमआयच्या भोकातून मॉनिटरकंट्रोलला बोलता येत नाही, त्याला यूएसबी-सीची वाट घ्यावी लागते. स्वस्तातले काही डॉक आणि अडॅप्टर चित्र पोचवतात पण ही बोलायची तार मध्येच गिळतात. काही मॉनिटर हुकूम ऐकतात पण आळशी नोकरासारखे दोन क्षणांनी हलतात. अशा वेळी तो खोट्या स्पीकरचा मार्ग उरतो, तोही सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी रुसतो.

"एवढं कशाला, वेगळे स्पीकर घ्या ना!" असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. घ्यावेत, आवाजही चांगला येईल, गोल बटण हाताला लागेल. ज्याच्या टेबलावर जागा आहे आणि खिशात पैसे आहेत त्याने जरूर घ्यावेत. पण पीजीमध्ये अडीच फुटांच्या टेबलावर राहणारी मुलं मॉनिटरमध्ये स्पीकर आहेत म्हणून तर तो घेतात. दुसरा आक्षेप, की मॅक हा श्रीमंतांचा प्रश्न आहे. नवा मॅक, हो. पण कुणाच्या तरी चुलत भावाने हैदराबादहून पाठवलेला पाच वर्षांचा जुना मॅक मिनी आणि सेकंडहँड मॉनिटर, ही जोडी आपल्याच वर्गात निदान चार जणांकडे आहे. शिवाय टाकीचा कॉक अडकण्याचा प्रश्न विंडोजवालाही भोगतोच.

तेव्हा माझी मागणी दोन पातळ्यांवर आहे. सामाईक कॉम्प्युटरवर, म्हणजे लॅब, वाचनालय आणि आपली खोली इथे, असं एक तपासलेलं अ‍ॅप कॉलेजनेच टाकावं. सरांनी निवडावं, सरांनीच टाकावं, मुलांनी पेनड्राइव्हवरून आणू नये. म्हणजे त्यांची भीतीही राहत नाही. आणि दर टर्मच्या सुरुवातीला मॉनिटरचा व्हॉल्यूम मधल्या आकड्यावर आणून ठेवायचं काम कुणाकडे तरी नेमून द्यावं, फळा पुसायचं देतात तसं.

दुसरी मागणी खरेदीची. या वर्षी वाचनालयात नवे मॉनिटर घ्यायचे आहेत असं ऐकते. खरेदी समितीच्या तक्त्यात इंच, पिक्सेल, वॉरंटी आणि भाव एवढेच रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवावा, डीडीसी/सीआय आहे की नाही. माहितीपत्रकात हे बहुधा बारीक अक्षरात असतं, कधी नसतंच. मग सरळ दुकानात लॅपटॉप आणि केबल घेऊन जावं, अ‍ॅप आधीच टाकलेलं असावं, मॉनिटर जोडावा, बटण दाबावं. आवाज हलला तर घ्यावा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आमचा तो मित्र बरोबर यायला तयार आहे. म्हणाला, पडदा कसा आहे ते तुम्ही बघा, बाकीचं मी ऐकतो.